नऊ वेळा आत घेतलेली पँट

तीन वर्षांत मास्तरांनी निरीक्षकांची पँट नऊ वेळा आत घेतली, आणि नऊही वेळा निरीक्षकांना त्याचा पत्ता लागू दिला नाही. एकच पँट असती तर समजण्यासारखं होतं. पँटी पाच होत्या, पाचही एकाच करड्या कापडाच्या आणि एकाच मापाच्या, कारण सोमवार आणि गुरुवार यांत फरक केलेला निरीक्षकांना खपत नसे. दर वेळी अर्धा इंच याप्रमाणे छत्तीसची कंबर साडेएकतीसवर आली, आणि निरीक्षक सगळ्यांना सांगत राहिले की गेल्या अकरा वर्षांत आपल्या अंगात केसाइतकाही फरक पडलेला नाही.

मास्तर शिंपी होते. खाली दुकान आणि वर दोन खोल्या. त्या दोन खोल्यांत मास्तर आणि निरीक्षक अकरा वर्षं जोडीने राहत होते. शेजारी त्याला काय म्हणत ते शेजाऱ्यांना ठाऊक. ते दोघे त्याला घर म्हणत. निरीक्षक नोकरीला वजनमापे खात्यात. पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानोदुकानी हिंडायचं, काटे तपासायचे, बरोबर असतील त्यांच्यावर शिक्का मारायचा आणि चुकीचे असतील ते सील करायचे. दुकानदार त्यांना पाठीमागे ‘काटेकोर’ म्हणत आणि समोर काहीच म्हणत नसत. घरीही तोच खाक्या. चहात साखर घालायची तर चमचा बोटाने सपाट करून.

पहिल्यांदा पँट आत घेतली तेव्हा मास्तरांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. धुऊन आलेली पँट मागून जरा झोळ मारत होती. आपल्या हातचा कपडा घरच्याच माणसाच्या अंगावर लोंबतो आहे म्हणजे आपलंच नाक कापलं गेलं, एवढाच विचार. मागची शिलाई उसवून अर्धा इंच आत टीप मारली आणि पँट पुन्हा खुंटीला लावली. निरीक्षकांनी सकाळी ती चढवली, आरशात पाहिलं आणि म्हणाले, अजून तीच कंबर. मास्तरांना बरं वाटलं. चार महिन्यांनी पुन्हा झोळ दिसला. या वेळी मास्तरांनी दोष टेपला दिला. टेप जुना झाला की ताणतो, माप खोटं दाखवतो. नवा टेप आणला. नव्या टेपनेही तेच माप दिलं, तेव्हा मास्तरांनी नव्या टेपच्या कारखान्याला नावं ठेवली आणि टीप मारली.

खरं तर मास्तरांना तिसऱ्या वेळीच कळलं होतं. शिंप्याला माणूस बोलायच्या आधी कळतो. कुणाला दिवस गेलेत, कुणाचं दुकान बुडालंय, कुणी नव्याने प्रेमात पडलंय, सगळं कंबर आणि छाती सांगते. पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं.

या तीन वर्षांत निरीक्षकांना बारीकसारीक कुरबुरी होत होत्या. त्यांनी त्या शिस्तीत वाटून टाकल्या होत्या. छातीच्या डाव्या बाजूला नागीण उठली तेव्हा ते कातडीच्या डॉक्टरकडे गेले. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर धरू लागला तेव्हा दातांच्या डॉक्टरकडे. पोट महिना महिना ढिलं राहू लागलं तेव्हा पोटाच्या डॉक्टरकडे. मानेत दोन गाठी आल्या तेव्हा घशाच्या डॉक्टरकडे. रात्री घामाने उशी भिजायची, त्यासाठी डॉक्टर न सापडल्यामुळे त्यांनी उशी बदलली. प्रत्येक डॉक्टरची वेगळी फाइल, प्रत्येक फाइलवर वेगळ्या रंगाची पट्टी, आणि नियम असा की दातांच्या डॉक्टरला कातडीचं सांगायचं नाही. ज्याचं त्याचं खातं. त्यामुळे चार हुशार माणसांनी चार वेगळ्या गोष्टी बऱ्या केल्या आणि मधला माणूस कुणीच पाहिला नाही.

पाचवे होते घरचे डॉक्टर, ज्यांच्याकडे निरीक्षक लहानपणापासून जात. त्यांना एकदा संशय आला होता. चष्मा वर करून त्यांनी विचारलं, लग्न झालंय का. निरीक्षक म्हणाले, नाही. डॉक्टर म्हणाले, मग एक रक्ततपासणी सुचवणार होतो, पण तुमच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही. निरीक्षकांनी घरी येऊन हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. मास्तर तेव्हा बटण लावत होते. सुई बोटात घुसली.

निरीक्षकांचा सगळा भरवसा पँटीवर होता. मास्तरांनी कधी विषय काढलाच की थकल्यासारखा दिसतोस, तर ते कंबरेच्या पट्ट्यात दोन बोटं घालून दाखवत. दोनच बोटं जातात बघ, म्हणत. अकरा वर्षांपूर्वीही दोनच जात होती. आजारी माणसाची पँट अशी बसते का? यावर मास्तरांना उत्तर देता येत नसे, कारण उत्तर त्यांनी स्वतःच शिवून ठेवलेलं होतं.

वजनाच्या काट्यावर मात्र निरीक्षक कधी उभे राहत नसत. त्यांचं म्हणणं, ज्याने काटा तपासायचा त्यानेच काट्यावर चढायचं हे न्यायाधीशाने आरोपीच्या पिंजऱ्यात बसण्यासारखं आहे. एकदाच, धान्याच्या एका वखारीत, मोठ्या काट्याचा पाट डगमगतोय का हे पाहण्यासाठी ते त्यावर चढले. काट्याने सत्तावन्न किलो दाखवले. निरीक्षकांच्या हिशेबी ते बहात्तर होते. त्यांनी उतरून पितळी वजनं लावली. काटा ग्रॅमभरही चुकत नव्हता. पुन्हा चढले; सत्तावन्न. पुन्हा वजनं लावली, बरोबर. असं तीनदा झालं. वखारवाल्याने शेवटी खुर्ची आणली आणि साहेब बसा, पाणी घ्या, म्हणाला. संध्याकाळी निरीक्षकांनी मास्तरांना सांगितलं की काटा निर्दोष होता, पण वखारीची जमीन उताराची असावी. 

त्याच आठवड्यात छबू आला.

छबू न्हावी. मास्तरांचा जुना मित्र. दोघांनी विशीत एकाच मुलावर जीव टाकला होता आणि त्याने तिसऱ्याशीच घरोबा केल्यावर एकमेकांच्या खांद्यावर रडले होते. हा छबू नऊ वर्षांपूर्वी काडीसारखा झाला होता. मग त्याने औषध सुरू केलं आणि आता दर वर्षी पँट सैल करून घ्यायला यायचा. एचआयव्ही हा शब्द तो गिऱ्हाइकाला ‘कल्ले किती ठेवू’ विचारावं इतक्या सहज उच्चारत असे.

त्या दिवशी मास्तर निरीक्षकांची पँट दहाव्यांदा उसवायला घेऊन बसले होते. छबूने ती उचलून उलटी धरली आणि मागच्या दोन खिशांकडे पाहत राहिला. मागच्या शिलाईत साडेचार इंच आत गेल्यामुळे ते दोन खिसे एकमेकांना चिकटायला आले होते.

“हे दोघं काय कानगोष्टी करतात रे?” छबू म्हणाला. “कुणाची पँट?”

मास्तरांनी सांगितलं. छबूच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं. त्याने एकेक विचारायला सुरुवात केली आणि मास्तर एकेक सांगत गेले. नागीण. जीभ. पोट. गाठी. उशी. शेवटी छबूने विचारलं, पूर्वी कधी मोठा ताप आला होता का, अंगावर पुरळ, घसा धरलेला, आणि मग आपोआप गेलेला? मास्तरांना आठवलं. बारा वर्षांपूर्वी, म्हणजे त्यांची गाठ पडायच्या वर्षभर आधी, निरीक्षक बर्फाच्या कारखान्यात काटे तपासायला गेले होते आणि नंतर तीन आठवडे तापाने फणफणले होते. ती गोष्ट ते अजून रंगवून सांगत. त्या कारखान्याला त्यांनी कधीच माफ केलं नव्हतं.

“कारखान्याचा काय दोष,” छबू म्हणाला. “हा पाहुणा असाच येतो. आला की दोन-तीन आठवडे घर डोक्यावर घेतो. मग माळ्यावर जाऊन झोपतो. आठ वर्षं, दहा वर्षं, आवाज नाही. आपण म्हणतो गेला. पण मास्तर, तो वर बसून खात असतो. घराचे वासे खातो. आणि मग एक दिवस वाऱ्याची झुळूक आली तरी घर हलायला लागतं. नागीण, तोंड येणं, पोट, ही सगळी झुळूक. यापुढे वादळ येतं. क्षय येतो, निमोनिया येतो. औषध नसेल तर तिथून पुढे फार रस्ता नसतो. वर्ष, दोन वर्षं. कधी तेवढंही नाही.”

मास्तर म्हणाले, पण तो ठणठणीत आहे म्हणतो.

“तो म्हणणारच. तूच तर त्याला ठणठणीत शिवतोयस.”

मग छबूने स्वतःच्या पोटावर थाप मारली. हे बघ, म्हणाला, रोज एक गोळी. औषधाने पाहुणा जात नाही, पण त्याच्या तोंडाला कुलूप लागतं. रक्तात सापडेनासा होतो, दुसऱ्याकडेही जात नाही. मी नऊ वर्षांपूर्वी याहून वाईट होतो. पण मी गेलो. याला ने. महिना लावू नकोस, याच आठवड्यात. आणि पँट खाली ठेव.

मास्तरांनी पँट खाली ठेवली.

त्यांनी संध्याकाळी सरळ विषय काढला. छबू जातो त्या दवाखान्यात जाऊ, एक रक्ततपासणी करू. निरीक्षकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग मुद्देसूद नकार दिला. एक, ताप नाही. दोन, नागीण बरी झाली, फाइल बंद आहे. तीन, ते आणि मास्तर अकरा वर्षं एकमेकांशिवाय कुणाकडे गेलेले नाहीत. चार, त्याआधीच्या गोष्टी आता शिळ्या झाल्या. आणि पाच म्हणून त्यांनी पट्ट्यात दोन बोटं घातली.

मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिथेच गोठलं. त्या रात्री उशी भिजली आणि निरीक्षकांनी झोपेतच ती उलटी केली.

रविवारी निरीक्षक नेहमीप्रमाणे जेवायला ताईकडे गेले. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. ते गेल्यावर मास्तरांनी दुकानाचं दार आतून लावलं आणि पाचही पँटी पुढ्यात घेतल्या. एकेक पँटीच्या नऊ टिपा उसवायच्या होत्या. मशीनची टीप घालायला मिनिट लागतं, उसवायला जीव जातो. ब्लेडच्या कोपऱ्याने एकेक टाका कापत ते सूर्य कलेपर्यंत बसले. पाच पँटी पुन्हा छत्तीस कंबरेच्या झाल्या. मग त्यांनी त्या इस्त्री करून खुंट्यांना लावल्या आणि एवढी स्वच्छ इस्त्री आयुष्यात केली नव्हती असं त्यांना वाटलं.

सोमवारी सकाळी आठ वाजता निरीक्षकांनी पँट चढवली, बटण लावलं आणि घड्याळ घ्यायला हात वर केला. पँट खाली गेली. त्यांनी ती उचलली, खुंटीवरची दुसरी घेतली. तीही गेली. तिसरी त्यांनी धरून ठेवली आणि तशाच अवस्थेत, एका हाताने कंबर पकडून, जिन्याने खाली दुकानात आले.

ही चेष्टा कुणी केली, असं त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, चेष्टा नाही, हे तुझं मूळ माप आहे. निरीक्षक म्हणाले, शक्य नाही, तू पँटी मोठ्या केल्या आहेस. मास्तर म्हणाले, आधी लहान केल्या होत्या, आता होत्या तशा केल्या. निरीक्षक म्हणाले, पुरावा.

पुरावा म्हटल्यावर त्यांची कळाच बदलली. ते गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले, पँट मांडीवर उलटी घेतली आणि सदऱ्याच्या खिशातून भिंग काढलं. मागच्या शिलाईच्या दोन्ही बाजूंना सुयांच्या भोकांच्या नऊ नऊ रेघा होत्या, एकमेकींना समांतर, शाळेच्या वहीसारख्या. बाहेरचं कापड उन्हाने आणि धुण्याने फिकं पडलेलं, आत दडलेलं कापड गडद. सगळ्यात आतलं सगळ्यात गडद. निरीक्षकांनी बोटाने रेघा मोजल्या. मग मापवही मागितली. मास्तरांनी दिली. शिंपी घरच्यांचंही माप वहीत लिहितो, सवय असते. छत्तीस खोडून साडेपस्तीस, ते खोडून पस्तीस, आणि प्रत्येकासमोर तारीख.

निरीक्षकांनी सगळं पान वाचलं. ते बोलायला लागले तेव्हा आवाज थेट कचेरीतला होता.

“कमी माप. नऊ वेळा. ग्राहकाला न कळवता.”

“हो.”

“तीन वर्षं.”

“हो.”

“वखारीतली जमीन सपाट होती तर.”

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. निरीक्षकांनी वही मिटली आणि कचेरीतला आवाज टाकून देऊन विचारलं, “मास्तर, का रे नाही सांगितलंस?”

मास्तरांनी अनेक उत्तरं तयार ठेवली होती. तुला वाईट वाटेल म्हणून. शिंप्याची अब्रू म्हणून. टेप ताणला होता म्हणून. तोंडातून निघालं ते वेगळंच.

“सांगितलं असतं तर तू तपासायला गेला असतास. तू गेला असतास तर मलाही जावं लागलं असतं.”

निरीक्षकांनी पँट सुलटी करून चढवली. मग म्हणाले, सुतळी दे. मास्तरांनी सुतळी दिली. निरीक्षकांनी ती पट्ट्यातून ओवून पोटाशी गाठ मारली, कचेरीत रजा कळवली आणि बारा वर्षांतली पहिली रजा घेऊन दवाखान्याकडे निघाले. मास्तर मागे मागे. धावायची वेळ आली, कारण निरीक्षक आजारी असले तरी झपाट्याने चालत.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, आणि अर्ध्या वाक्याच्या होत्या. त्यांनी लग्न झालंय का विचारलं नाही. पुरुषांशी संबंध की बायकांशी, असं विचारलं, जणू उजवा हात की डावा. निरीक्षकांनी छताकडे पाहिलं. मग त्यांना प्रश्नाचा नेमकेपणा आवडला असावा, कारण उत्तरही तसंच दिलं: पुरुषांशी, अकरा वर्षं एकाच, त्याआधी चौघे, पैकी दोघांची आडनावं ठाऊक नाहीत. बाईंनी लिहून घेतलं. मग चारही रंगांच्या पट्ट्यांच्या फाइली टेबलावर एकावर एक ठेवायला सांगितल्या आणि वरून हात फिरवत म्हणाल्या, “ही एकच फाइल आहे.”

बोटाच्या थेंबाची तपासणी अर्ध्या तासात झाली. एचआयव्ही होता. पक्कं करण्यासाठी आणखी दोन वेगळ्या पद्धतींनी तपासलं आणि तिन्हींचं एकमत झालं. रोगाशी लढणाऱ्या सीडी-फोर पेशींचा आकडा यायला मात्र तीन दिवस लागले. तो आला चौऱ्याण्णव.

बाईंनी कागदावर एक रेघ काढली. नऊशे-हजाराच्या आसपास सुरुवात, बर्फाच्या कारखान्याच्या वर्षी एकदम खाली, मग थोडी वर, आणि मग दहा वर्षं घसरगुंडीच्या उतारासारखी तिरपी. इथे तुम्हाला काहीच होत नव्हतं, म्हणाल्या. साडेतीनशेच्या खाली नागीण. इथे जीभ. दोनशेच्या खाली शरीर कुठल्याही फालतू जंतूला दार उघडतं. तुम्ही चौऱ्याण्णववर आहात आणि अजून क्षय झालेला नाही, हे नशीब. हे सगळ्यांना असंच होतं, बाई असो, बुवा असो. तुमच्यासारख्यांना उशिरा कळतं ते एवढ्यासाठीच की कुणी विचारत नाही आणि तुम्ही सांगत नाही.

निरीक्षकांनी रेघ नीट पाहिली. मग विचारलं की पेशी मोजायचं यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं.

मास्तरांना भुईने पोटात घ्यावं असं झालं. बाईंनी मात्र खण उघडला आणि प्रमाणपत्र पुढे टाकलं. निरीक्षकांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं, मागची बाजू पाहिली, शिक्का उजेडात धरला.

“मग बरोबर असणार,” ते म्हणाले. कागद टेबलावर ठेवून त्यांनी मास्तरांकडे मान वळवली. “आता तू.”

मास्तरांनी त्या क्षणी जी कारणं दिली ती डॉक्टरीणबाई पुढे कित्येक दिवस इतरांना सांगत होत्या. दुकान उघडं राहिलंय. एका कोटाला बाह्या लावायच्या आहेत. सुई बघायची सवय आहे, पण दुसऱ्याच्या हातातली नाही. आणि शेवटी, आपल्याला काही त्रासच नाही, आपण ठणठणीत आहोत, हवं तर पँट बघा. एवढं बोलून त्यांनी पट्ट्यात दोन बोटं घातली आणि आपण काय करतोय हे कळून ती तिथेच राहिली.

निरीक्षक हसले. हसता हसता त्यांना खोकला आला, बाईंनी पाणी दिलं, आणि ते संपेपर्यंत मास्तर खुर्चीत बसले होते आणि त्यांची बाही वर होती.

मास्तरांनाही होता. त्यांचा आकडा तीन दिवसांनी आला, चारशे दहा. बाईंच्या अंदाजाने त्यांचा पाहुणा चारेक वर्षांपूर्वीच माळ्यावर गेलेला. निरीक्षक त्या दिवशी घरी आल्यावर म्हणाले की हे माझ्याकडून आलं. मास्तर म्हणाले, कुणाकडून आलं त्याची पावती मिळत नाही. निरीक्षक म्हणाले, बारा वर्षांचा उतार आणि तुझा चार वर्षांचा, हे उघड आहे. मास्तर म्हणाले, उघड असेल, पण तीन वर्षं पँट मी शिवत होतो, तेव्हा दोघांनी आपापलं बघावं आणि भाजी गार होण्याआधी जेवावं. ते जेवले. दोघांनाही फारसं गेलं नाही.

छातीचा फोटो निघाला, थुंकी तपासली, क्षय नव्हता. आठवड्याभरात गोळ्या सुरू झाल्या. निरीक्षकांना फुफ्फुसांसाठी आणखी एक जादा गोळी होती, आणि ती मास्तरांना नाही याचा त्यांना किंचित अभिमान वाटला. वेळ ठरली संध्याकाळी आठची. पहिले दहा दिवस निरीक्षकांना गरगरत असे आणि ते भिंतीला धरून चालत. मास्तर विचारत, सोडतोस का? निरीक्षक म्हणत, शिक्का मारलेल्या गोष्टीवर मी वाद घालत नाही.

पण एका बाबतीत त्यांनी वाद घातला. मास्तरांनी पँटी पुन्हा आत घ्यायची परवानगी मागितली. निरीक्षकांनी साफ नाकारली. असू दे, म्हणाले. दिसू दे. आणि ते रोज सकाळी छत्तीस कंबरेची पँट सुतळीने पोत्याच्या तोंडासारखी आवळून कामावर जाऊ लागले. गावभर दुकानदार पाहत. कुणी दबक्या आवाजात विचारलंच की साहेब, पँट कुणाकडून शिवली, तर निरीक्षक मास्तरांच्या दुकानाचा पूर्ण पत्ता देत. मास्तरांची तीन जुनी गिऱ्हाइकं त्या महिन्यात दुसऱ्या शिंप्याकडे गेली. नऊ टिपांची शिक्षा म्हणून ही काही जास्त नव्हती.

महिन्याने ताई आल्या. गरगरण्यापायी मधले रविवार चुकवून गेल्या रविवारी भाऊ जेवायला आला होता तेव्हा त्यांनी ती सुतळी पाहिली होती आणि आठवडाभर त्या धुमसत होत्या. संध्याकाळी पावणेआठला त्या दुकानात शिरल्या, पर्स कापायच्या टेबलावर ठेवली आणि मास्तरांना उभं केलं. अकरा वर्षांत मी तुम्हाला कधी बोल लावला का, त्यांनी विचारलं. नाही लावला. माझा भाऊ तुमच्यापाशी राहतो, मी कधी काही विचारलं का? नाही विचारलं. पण तुमच्या घरात शिवणयंत्र असून तो माणूस बुजगावण्यासारखा रस्त्यात हिंडतो, हे मला सहन होत नाही. असली शिलाई मी चौथीच्या मुलींना करू दिली नसती.

मास्तर मान खाली घालून उभे होते. जिन्यावर पावलं वाजली. निरीक्षक गोळ्यांचा डबा आणि दोन पेले घेऊन खाली आले आणि ताईंना पाहून मधल्या पायरीवर थांबले. वर परत जायला त्यांना तीन पायऱ्या होत्या, खाली यायला पाच. मास्तरांनी पाहिलं की त्यांचा सुतळीवरचा हात घट्ट झाला. मग ते खाली आले.

“ताई, शिलाई बरोबर आहे,” ते म्हणाले. “माप बदललंय. बस, सांगतो.”

त्यांनी सगळं सांगितलं, क्रमाने, बर्फाच्या कारखान्यापासून. मास्तर आणि आपण काय आहोत हेही, त्याच सुरात, तारखेसकट. ताईंनी मधे एकदाच तोंड उघडलं, ते मला माहीत आहे, पुढचं सांग, एवढं म्हणायला. चौऱ्याण्णव हा आकडा आला तेव्हा त्यांनी चष्मा काढला. औषधाने आकडा वर जातो, छबूचा गेलाय, सहा महिन्यांत कळेल, असं निरीक्षकांनी सांगितलं. ताईंनी चष्मा पदराने पुसला, पुन्हा घातला आणि मास्तरांकडे वळल्या.

“आणि तुमचा किती?”

“चारशे दहा,” मास्तर म्हणाले.

“म्हणजे पास?”

“काठावर,” निरीक्षक म्हणाले.

“मग मास्तरांना शिकवायला नको, तुला शिकवायला हवं,” ताई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. घड्याळात आठ वाजायला दोन मिनिटं होती. निरीक्षकांनी डबा उघडला. ताईंनी तो आपल्याकडे ओढला, दोघांच्या गोळ्या वेगवेगळ्या काढून ज्याच्या त्याच्या तळहातावर ठेवल्या, आणि शाळेत ठेवत तशी नजर ठेवून म्हणाल्या की पाणी सगळं प्यायचं, पेल्यात उरलेलं चालणार नाही.